पायथ्याचा मुलूख कीं पलीकडचा मुलूख?

एखाद्या प्रांताचें नांव उच्चारतांच, तें नांव ठेवणारा कोठें उभा होता हें कळावें, असा योग क्वचितच येतो. युक्रेनच्या पश्चिम टोंकास असलेला झाकार्पात्या हा प्रांत अशा विरळा प्रांतांपैकीं एक होय. 'झाकार्पात्या' म्हणजे कार्पेथियन पर्वताच्या पलीकडचा मुलूख. पण पलीकडचा कोणाच्या? अर्थातच कीव्हहून किंवा मॉस्कोहून पाहणाराच्या. बुडापेस्टहून पाहणाऱ्या हंगेरियनांस हाच मुलूख पर्वताच्या पायथ्याशीं दिसे, आणि त्यांच्या भाषेंत त्याचें नांवहि 'कार्पेथियनचा पायथा' असेंच आहे. पुढें प्राग येथील राज्यकर्त्यांनीं त्यास 'पोदकार्पात्स्का रूस' म्हटलें, त्यांतहि पायथाच आहे. जमीन तीच, नद्या त्याच; राजधानी बदलली कीं पर्वताची बाजू तेवढी बदले.

प्रांत फार मोठा नाहीं. क्षेत्रफळ सुमारें १२,८०० चौरस किलोमीटर, आणि २००१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या साडेबारा लाख. पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी व रुमानिया अशा चार देशांच्या सीमा त्यास भिडल्या आहेत. सुमारें चार पंचमांश भाग डोंगराळ आहे. युक्रेनमधील सर्वांत उंच शिखर होवेर्ला (उंची २,०६१ मीटर) याच्याच पूर्व सीमेवर उभें आहे. नैर्ऋत्येस मात्र डोंगर संपून तिसा नदीचें सपाट मैदान लागतें आणि तें थेट हंगेरीच्या मैदानास जाऊन मिळतें. या रचनेंतच पुढील इतिहासाचें बीज आहे. येथील नद्यांचें पाणी तिसेंत जातें, व तिसा हंगेरींतून वाहत जाऊन डॅन्यूबला मिळते. द्राक्षांचे मळे, धान्याचीं शेतें, बाजारपेठा, सर्व त्याच अंगास. उलट कीव्हकडे जावयाचें तर उझोक, वेरेत्स्की किंवा याब्लुनित्सा यांपैकीं एखादी खिंड चढून जाणें प्राप्त! बाजारास जाणारा शेतकरी एका दिशेस उतरतो आणि सरकारी हुकूम दुसऱ्या दिशेनें खिंड ओलांडून येतो, ही स्थिति १९४५ पासूनची आहे. त्यापूर्वीं हजार वर्षें दोघांचा रस्ता एकच होता.

इसवी सन ८९५ च्या सुमारास मग्यार टोळ्या वेरेत्स्कीच्या खिंडींतून उतरल्या, असें हंगेरियन परंपरा सांगते. तेव्हांपासून हा मुलूख हळूहळू हंगेरीच्या राजमुकुटाखालीं आला व उंग, बेरेग, उगोचा आणि मारामारोश या चार परगण्यांत विभागला गेला. डोंगरांतील खेडीं स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या रुसिन शेतकऱ्यांचीं. जमीनदार बहुधा हंगेरियन. पेठांतून ज्यू, जर्मन व हंगेरियन व्यापारी आणि कारागीर. १६४६ मध्यें उझ्होरोदच्या किल्ल्यांत ६३ धर्मोपदेशकांनीं पोपचें वर्चस्व मान्य केलें, परंतु पूजाविधि पौर्वात्यच ठेवला. या तडजोडीमुळें खेडुताचें देऊळ टिकलें आणि देवळाबरोबर त्याची बोलीहि टिकली. बाकीच्या बाबतींत या चार परगण्यांकडे लक्ष द्यावें असें बुडापेस्टला फारसें वाटलें नाहीं. दारिद्र्यास कंटाळून हजारों रुसिन अमेरिकेच्या खाणींत व पोलादाच्या कारखान्यांत गेले.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. १९१८ मध्यें ऑस्ट्रिया-हंगेरीचें साम्राज्य कोसळलें, तेव्हां या मुलुखानें कोणाकडे जावें याचा कौल प्रथम घेतला गेला तो अमेरिकेंत. पेन्सिल्व्हानियांतील स्क्रँटन येथें जमलेल्या रुसिन स्थलांतरितांच्या पुढाऱ्यांनीं त्यांच्या मंडळांचीं व चर्चांचीं मतें घेतलीं. सुमारें दोनतृतीयांश मतें चेकोस्लोव्हाकियाच्या बाजूनें पडलीं. इकडे प्रत्यक्ष भूमीवर, जानेवारी १९१९ मध्यें खुस्त गांवीं भरलेल्या सभेनें युक्रेनशीं जोडून घेण्याचा ठराव केला होता. परंतु ठरावामागें सैन्य नव्हतें. अखेर १० सप्टेंबर १९१९ च्या सेंट-जर्मेन येथील तहानें हा प्रदेश चेकोस्लोव्हाकियास मिळाला. मात्र त्यास स्वतःचें विधिमंडळ व भाषा, शिक्षण, धर्म आणि स्थानिक कारभार यांत स्वायत्तता द्यावी, असें वचन त्याच तहांत घालण्यांत आलें.

पहिला गव्हर्नर म्हणून अमेरिकेंतील वकील ग्रेगरी झात्कोविच यांस आणण्यांत आलें. विधिमंडळाची निवडणूक होईना व खरी सत्ता प्रागहून नेमलेल्या चेक अधिकाऱ्याच्या हातीं राहिली, हें पाहून त्यांनीं १९२१ मध्यें राजीनामा दिला आणि ते अमेरिकेस परत गेले. चेक राजवटीनें शाळा काढल्या, रस्ते बांधले, उझ्होरोदमध्यें एक नवी सुबक वसाहतच उभारली, हें नाकारण्याचें कारण नाहीं. कारभाराच्या दृष्टीनें या प्रांतास लाभलेलीं तीं बहुधा सर्वांत चांगलीं वर्षें होत. पण लेखी वचन मोडल्याचा सल चांगल्या रस्त्यांनीं जात नाहीं. स्वायत्तता मिळाली ती ऑक्टोबर १९३८ मध्यें, म्हणजे म्यूनिचच्या करारानें चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे पडूं लागल्यावर.

ती लाभली न लाभली तोंच, २ नोव्हेंबर १९३८ रोजीं जर्मनी व इटली यांनीं व्हिएन्ना येथें दिलेल्या निवाड्यानें उझ्होरोद, मुकाचेवो व बेरेहोवे हीं मैदानांतील शहरें हंगेरीस गेलीं. पंतप्रधान आव्हगुस्तिन वोलोशिन या वृद्ध धर्मोपदेशकानें आपलें सरकार खुस्त या डोंगराळ गांवीं हलविलें. १५ मार्च १९३९ रोजीं हिटलरचें सैन्य प्रागमध्यें शिरलें. त्याच दिवशीं खुस्त येथें विधिमंडळ भरलें, त्यानें 'कार्पेथियन युक्रेन'च्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब केलें आणि वोलोशिन यांस अध्यक्ष निवडलें. हंगेरीचें सैन्य तेव्हां प्रांतांत शिरलेंच होतें. दुसऱ्या दिवशीं खुस्त पडलें. वोलोशिन रुमानियामार्गें निसटले. १९४५ मध्यें प्राग येथें सोव्हिएट पोलिसांनीं त्यांना पकडलें व मॉस्कोच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला.

राज्य बदललें म्हणजे खेडुताच्या घरीं प्रथम काय येतें? कागद. हंगेरियन सरकारनें ज्यूंकडे नागरिकत्वाचे पुरावे मागितले. ज्या मुलुखांत वीस वर्षें दुसरेंच राज्य होतें, तेथें आजोबांच्या काळचे दाखले कोठून मिळावयाचे? १९४१ च्या उन्हाळ्यांत असे हजारों 'परकीय' ज्यू सीमेपार नाझींच्या ताब्यांतील युक्रेनमध्यें हाकलून देण्यांत आले. ऑगस्टच्या अखेरीस कामेनेट्स-पोदिल्स्की येथें तेवीस हजारांवर ज्यूंस गोळ्या घालण्यांत आल्या, त्यांत या हाकललेल्यांचा मोठा भरणा होता. ज्यांचे कागद त्या वेळीं पुरे पडले, त्यांनाहि ते फार काळ वांचवूं शकले नाहींत. १९४४ च्या मे महिन्यापासून आगगाड्या ऑश्विट्झकडे सुटूं लागल्या. मुकाचेवो हें शहर ज्यू विद्वत्तेचें नांवाजलेलें केंद्र होतें. कांहीं आठवड्यांत तें रिकामें झालें. या प्रांताच्या इतिहासांत इतकी मोठी हानि दुसरी नाहीं, आणि ती कोणत्याहि सीमाबदलानें भरून येणारी नव्हती.

ऑक्टोबर १९४४ मध्यें लाल सेना आली. नोव्हेंबरांत हंगेरियन व जर्मन पुरुषांस 'तीन दिवसांच्या किरकोळ कामासाठीं' हजर राहण्याचा हुकूम निघाला. पुष्कळजण त्या कामावरून कधींच परतले नाहींत. त्याच महिन्यांत मुकाचेवोच्या सभेनें सोव्हिएट युक्रेनमध्यें सामील होण्याचा जाहीरनामा काढला. २९ जून १९४५ रोजीं चेकोस्लोव्हाकियानें तहानें प्रदेश सोडून दिला, व २२ जानेवारी १९४६ पासून तो सोव्हिएट युक्रेनचा एक 'ओब्लास्त', म्हणजे प्रांत, झाला. १९४९ मध्यें १६४६ ची ती धार्मिक तडजोडहि रद्द करण्यांत आली. नवी सीमा आंखतांना सेल्मेन्स हें हंगेरियन वस्तीचें जोडगांव मधोमध चिरलें गेलें; एक अर्धें चेकोस्लोव्हाकियांत, दुसरें सोव्हिएट संघांत. सख्ख्या नातलगांस शेजारच्या घरीं जाण्याची वाट खुली झाली ती २००५ च्या डिसेंबरांत.

१ डिसेंबर १९९१ रोजीं युक्रेनच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालें तेव्हां येथील ९२ टक्क्यांहून अधिक मतदारांनीं अनुकूल मत दिलें. त्याच दिवशीं, प्रांतास विशेष स्वशासन असावें काय या दुसऱ्या प्रश्नासहि सुमारें ७८ टक्क्यांनीं होकार दिला. पहिला होकार अंमलांत आला. दुसरा दप्तरांतच राहिला. तिसऱ्या राज्यांत तेंच वचन तसेंच पडून राहावें, ही गोष्ट झात्कोविच यांस नवी वाटली नसती. २०२० च्या पुनर्रचनेनें तेरा जिल्ह्यांचे सहा जिल्हे झाले आणि गांवांच्या ६४ संयुक्त पंचायतींकडे बराच पैसा व अधिकार सोंपविण्यांत आला. तेव्हां कारभार खालीं उतरला तो प्रांतास वगळून, थेट गांवांत. प्रांताचा मुख्य अधिकारी पूर्वींप्रमाणेंच राष्ट्राध्यक्ष नेमतात. २०२२ पासून रशियाच्या आक्रमणामुळें पूर्वेकडील लाखों निर्वासित या खिंडींतून इकडे उतरले, आणि 'पलीकडचा मुलूख' हा शब्द त्यांच्या तोंडीं प्रथमच आश्रयाच्या अर्थानें आला.

हंगेरियन लोकसंख्या २००१ मध्यें दीड लाख, म्हणजे शेंकडा १२, होती. तिची दाट वस्ती बेरेहोवेच्या आसपास आहे. तेथील घराघरांतून घड्याळ कीव्हच्या वेळेहून एक तास मागें, म्हणजे बुडापेस्टच्या वेळेस, लावलेलें असतें. कचेऱ्या व आगगाड्या कीव्हच्या वेळेनें चालतात. म्हणून त्या भागांत कोणी कोणास भेटीची वेळ दिली, तर पहिला प्रश्न येतो तो असा: "आपली वेळ, कीं कीव्हची?"