अजिंठ्याच्या तैलरंगी नकला व त्यांची हरवलेली पुष्पिका

हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस मूळ आणि नक्कल यांचें नातें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मूळ पोथी नष्ट झाली म्हणजे नक्कलच प्रमाण होते, आणि तिच्या पुष्पिकेंत लेखकाचें नांव व शक मिळाला तर संशोधकास निधान सांपडल्यासारखें वाटतें. चित्रांच्या नकलांस मात्र हा न्याय क्वचितच लाविला जातो.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला हें याचें ठळक उदाहरण होय. या कामावर कॅप्टन रॉबर्ट गिल याची नेमणूक १८४४ सालीं झाली. त्याच्या जवळजवळ वीस वर्षांच्या श्रमाचें फळ १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसांतील आगींत बहुतेक सर्व जळून गेलें. पुढें १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्यें खंड पडत, मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांस अजिंठ्यास नेऊन सुमारें ३०० चित्रें करविलीं.

शाळेंत एरव्हीं ग्रीक मूर्तींच्या ठशांवरून हात बसविला जाई. हिंदी विद्यार्थ्यापुढें अजिंठ्याहून उत्तम कित्ता नाहीं, असें ग्रिफिथ्स यांचें मत. माणसें, हत्ती, हंस, पहिल्या लेण्यांतील झुंजणारे बैल, सर्व एकाच ठिकाणीं! परंतु हा कित्ता गिरविणें सोपें नव्हतें. मूळ रंग वाळलेल्या गिलाव्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यांत कालवून दिलेले, त्यांस चकाकी नाहीं. आकृतीचा प्राण सारा रेषेंत. तेलरंगाचा स्वभाव उलट, तो कडा मृदु करूं पाहतो. शिवाय काळा डाग हा केसांचा रंग कीं शतकांची काजळी, हें विद्यार्थ्यासच ठरवावें लागे. संदिग्ध अक्षरापुढें थबकलेल्या लेखकाची जी अवस्था, तीच ही. जेथें गिलावा पडला होता तेथें नकलेंतही तो पडलेलाच दाखविला आहे. मनचा पाठ घुसडलेला नाहीं. चिमुरास बसून आम्हीं या नकलांचीं छायाचित्रें पाहिलीं, त्यांत ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली.

सोळाव्या लेण्यांतील तथाकथित ‘मरणोन्मुख राजकन्या’ ही नंदाच्या वियोगानें मूर्च्छित झालेली सुंदरी होय, असें आतां विद्वान् मानतात. अश्वघोषाच्या सौंदरनंदाचे वाचक तिला ओळखतील. नांव चुकलें तरी ढळलेल्या मानेची रेषा पाहणाऱ्यास चुकत नाहीं.

एक दोष सांगितलाच पाहिजे. रंग उठून दिसावे म्हणून त्या काळीं भिंतींवर वार्निश चढविण्यांत आलें. तें पुढें पिवळें पडून तडकलें. पोथीवर तेल ओतून अक्षरें वाचण्याचाच हा प्रकार! निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास इटालियन कारागीर आणविले, त्यांस तें काढण्याचा खटाटोप करावा लागला.

१८८५ सालीं दक्षिण केन्सिंग्टनच्या आगींत शंभरांहून अधिक नकला जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. १८९६-९७ सालीं निघालेल्या दोन खंडांवर नांव ग्रिफिथ्स यांचें. विद्यार्थ्यांपैकीं पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८) तेवढे पुढें तैलचित्रकार म्हणून गाजले. पोपटास खाऊं घालणाऱ्या स्त्रीचें त्यांचें चित्र प्रसिद्ध आहे. जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा हीं नांवें संग्रहालयाच्या सूचींतच राहिलीं. ज्यांच्या संग्रहीं ते खंड असतील त्यांनीं त्या सूचीशीं एकेक चित्र ताडून पाहावें, आणि ज्याच्या हातचें तें ठरेल त्याचें नांव समासांत टिपून ठेवावें.