बल्बची तार

लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यातून मी जुना ऑसिलोस्कोप घेतला. दोन चॅनल, २० मेगाहर्ट्‌झ, बटणांवरची अक्षरं पुसलेली, मागे कुठल्याशा प्रयोगशाळेचा फिकट झालेला क्रमांक. साडेतीन हजार रुपये. पैसे मोजून झाल्यावर दुकानातले काका म्हणाले, "घरी गेल्या गेल्या प्लगला लावू नकोस. आधी सिरीज बल्बवर चालवून बघ. आणि एलईडी नको, तारेचा बल्ब घे."

तारेचा बल्ब आता सहज मिळत नाही. घणसोलीत चौथ्या दुकानात शंभर वॉटचा एक सापडला. फळीवर होल्डर आणि सॉकेट बसवून सिरीज बोर्ड केला. यात वीज आधी बल्बमधून जाते, मग यंत्रात. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. यंत्र धड असेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो. माझा मंद झाला. थोड्या वेळाने पडद्यावर हिरवी रेघ उमटली.

यामागचं कारण साधं आहे. तापलेल्या तारेचा रोध थंड तारेच्या दहापटीहून जास्त असतो. प्रवाह वाढला की तार तापते, आणि तापली की स्वतःच प्रवाहाला अडवते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी या गुणावर विसंबून यंत्रं वाचवली.

ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादनही याच गुणावर उभं होतं. पालो आल्टोमधलं ते गॅरेज आपल्याला माहीत असतं. स्टार्टअपवरच्या भाषणांत त्याचा फोटो हमखास येतो. त्या गॅरेजमधला बल्ब मात्र कुणी दाखवत नाही.

प्रश्न असा होता: शुद्ध, स्थिर स्वर देणारा ऑसिलेटर स्वस्तात कसा बनवायचा? माक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये मांडलेला रोध आणि कपॅसिटरचा ब्रिज हाताशी होता. पण त्याला जोडलेल्या अँप्लिफायरची वाढ बरोबर तिप्पट हवी. जरा कमी पडली की लाट विझते, जरा जास्त झाली की तिची टोकं छाटली जातात. स्टॅनफर्डला फ्रेडरिक टर्मन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या बिल ह्यूलेटने तिथे एक छोटा बल्ब बसवला. लाट मोठी झाली की तार तापते, रोध वाढतो, अँप्लिफायरची वाढ उतरते. लाट लहान झाली की उलट. बेल लॅब्जच्या मीचमने १९३८ मध्ये बल्बची ही युक्ती क्रिस्टल ऑसिलेटरमध्ये वापरली होती. ह्यूलेटने ती हवी ती फ्रीक्वेन्सी लावता येईल अशा यंत्रात आणली. १९३९ च्या '२०० ए'ची किंमत होती ५४ डॉलर ४० सेंट. पुढच्या '२०० बी'चे आठ नग डिस्नेने 'फँटेशिया'च्या ध्वनियंत्रणेसाठी घेतले.

लाट तयार झाली, पण ती मोजायची कशी? जुन्या स्कोपवर चित्र सरकत राहायचं, ते धरून ठेवायला बटण फिरवत बसावं लागे. पोर्टलंडच्या टेक्ट्रॉनिक्सने १९४७ मध्ये '५११' आणला. त्यातली रेघ लाट ठरावीक उंचीला पोहोचली की मगच निघायची, दर वेळी त्याच जागेवरून. चित्र थांबलं. आडव्या चौकटींना वेळेचं माप मिळालं. नुसतं आकार बघायचं यंत्र आता मोजायचं यंत्र झालं.

मी हे सगळं आत्ता का वाचलं? कारण वीन ब्रिजचं प्रॅक्टिकल मी इंजिनिअरिंगला 'केलं' होतं. एका बोर्डाभोवती सहा जण, स्कोपवर धावती हिरवी जाळी, आणि शेवटची दहा मिनिटं. सीनिअरच्या जर्नलमधून मी १.५९ किलोहर्ट्‌झ उतरवून घेतलं. १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडचं सूत्रातून येणारं नेमकं उत्तर. सही मिळाली. पुढे नोकरी सॉफ्टवेअरमध्ये लागली, आणि ती लाट पाहायची राहूनच गेली.

गेल्या रविवारी तेच सर्किट घरच्या टेबलावर जोडलं, तेच आकडे, आणि ह्यूलेटच्या जागी एक छोटा पायलट बल्ब. चालू केल्यावर लाट दचकल्यासारखी फुगली, आकसली आणि मग स्थिर झाली. तार तापायला वेळ घेते, तो वेळ मला डोळ्यांनी दिसला.

एक लाट ६.६ चौकटी, चौकटीला ०.१ मिलिसेकंद. म्हणजे १.५२ किलोहर्ट्‌झ. मल्टिमीटर म्हणाला १.५३. कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो, आणि या वयाचा स्कोप दोन-तीन टक्के चुकला तर त्याला दोष देता येत नाही. जर्नलमधल्या १.५९ ला असं काही सांगावंच लागलं नव्हतं, कारण तो आकडा मोजलेलाच नव्हता.

वहीत दोन्ही आकडे लिहिले, शेजारी कारणं. सही करायला आता कुणी नाही. पुढच्या रविवारी कपॅसिटर बदलून बघायचा आहे.