होम प्लेटवर आधी हक्क कुणाचा?

1887 सालच्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात जॉर्ज हॅनकॉकने बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि छपराखाली बेसबॉल खेळायची सोय केली. त्यातून सॉफ्टबॉल जन्मला. बेसबॉलची होम प्लेट, म्हणजे धाव पूर्ण करायची जागा, या खेळाने घेतली आणि तिथल्या कॅचरचे धोकेही घेतले.

कॅचरला जपण्याची सुरुवात अंगावरच्या साधनांनी झाली होती. हार्वर्डच्या फ्रेड थेअरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून जाळीचा मास्क घडवला. 1878 साली त्याचं पेटंट निघालं. 1907 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नहन नडग्यांना पॅड बांधून उतरला. पण पूर्ण वेगात धडकणाऱ्या शरीराचा भार कुठलंच पॅड पेलत नाही. 1970 च्या ऑल-स्टार सामन्यात बाराव्या डावात धावत आलेला पीट रोझ कॅचर रे फॉसीवर आदळला. विजयाची धाव मिळाली. फॉसीच्या खांद्याचं दुखणं मात्र पुढे वर्षानुवर्षं राहिलं. 2011 मध्ये कॅचर बस्टर पोझीचा पाय अशाच धडकेत मोडला, तेव्हा कुठे मेजर लीगने 2014 साली होम प्लेटवरच्या धडकांसाठी नियम आणला.

सॉफ्टबॉल तोवर पुढे गेला होता. आधी तिथेही चेंडू हातात येण्याच्या बेतात असेल तर क्षेत्ररक्षकाला धावणारीच्या वाटेत उभं राहता येई. 2004 मध्ये अमेरिकेच्या अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने ही सवलत काढून टाकली. चेंडू हातात नसेल, तर वाट धावणाऱ्या मुलीची. तिला वेग कमी करावा लागला किंवा वळसा घ्यावा लागला, तरी ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे नियमबाह्य अडथळा, होतं. त्यासाठी धक्का लागायची गरज नाही. अंपायर डावा हात बाजूला लांब करून मूठ दाखवतो, खेळ सुरूच राहतो, आणि अडथळा नसता तर ती ज्या बेसवर पोचली असती तो बेस तिला मिळतो. उलट, चेंडू कॅचरच्या हातात असेल तर उभ्यानेच तिच्यावर आदळणारी बाद होते. मुद्दाम आदळली तर मैदानाबाहेर जाते.

ऑब्स्ट्रक्शनचा निर्णय कॅचरविरुद्ध दिला जात असला, तरी त्यात तिचीच काळजी आहे. चेंडूची वाट पाहताना तिची नजर दूर असते, मान वळलेली असते, धावत येणारी तिला दिसत नाही. सर्वांत घातक धडक नेमकी याच क्षणी होते. नियम त्या क्षणी तिला वाटेतून बाजूला ठेवतो. म्हणून प्रशिक्षकाने बारा वर्षांच्या मुलीला आधी पाय कुठे ठेवायचे ते शिकवावं: प्लेटच्या पुढे, वाट मोकळी सोडून, चेंडू घ्यायचा, मगच टॅगसाठी, म्हणजे धावणारीला चेंडू लावून बाद करण्यासाठी, वळायचं. आणि अंपायरने स्पर्श झाला नसतानाही मूठ दाखवायला कचरू नये. दुखापत झाल्यावर दिलेला निर्णय धाव मिळवून देईल, मोडलेला पाय जोडणार नाही. महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांतही मुली सॉफ्टबॉल खेळतात. पॅड बांधायला शिकवतो त्याच दिवशी त्यांना हा नियमही शिकवायला हवा.