माधवरावांचे वाचक, जानोजींची माती

वर्धा जिल्ह्यात ऐतिहासिक कादंबरीचे प्रेम जुने आहे. दोन वाचक भेटले, पीकपाणी आणि कापसाचा भाव बोलून झाला, की ‘सध्या काय वाचता?’ हा प्रश्न यायचाच. आणि उत्तरात बहुधा एखादा पेशवा नाही तर छत्रपती असतो. कोणी ‘स्वामी’ तिसऱ्यांदा हाती घेतलेली असते, कोणाला ‘राऊ’ने चटका लावलेला असतो, कोणी ‘पानिपत’च्या रणात अडकलेला असतो. २०२५ मध्ये ‘छावा’वर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या त्या कादंबरीची चर्चा पुन्हा घरोघर झाली. हे सारे आनंदाचेच आहे. पण या आनंदात एक गंमत दडलेली आहे, आणि ती नुसती गंमत नाही.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा जन्म सह्याद्रीच्या कुशीत झाला. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रातून ‘उषःकाल’ लिहून वाचकांना वेड लावले, नाथमाधवांनी स्वराज्याची कथा मालिकाच रचून सांगितली. छापखाने पुण्यामुंबईला, पेशवे दफ्तर पुण्याला, आणि १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यालाच. लेखकाने हात लांबवला की त्याला सिंहगड लागे, शनिवारवाडा लागे. त्याने तेच लिहिले, यात त्याचा दोष नाही.

पण आपण ज्या मातीवर बसून हे वाचतो, ती कोणाची? वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६२ मध्ये. त्याआधी तो नागपूर जिल्ह्याचाच भाग होता. आणि १८५३ अखेर तिसरे रघूजी वारल्यावर इंग्रजांनी राज्य खालसा केले, तोवर येथे अंमल होता नागपूरकर भोसल्यांचा. येथल्या जुन्या घराण्यांचे खापरपणजे सारा भरीत तो भोसल्यांच्या खजिन्यात.

आता ‘स्वामी’कडे वळू. रणजित देसायांची ही कादंबरी १९६२ ची. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. थेऊरला माधवरावांचा अंत वाचताना डोळे न पुसलेला वाचक विरळा. पण याच माधवरावांच्या कथेत नागपूरकर येतात ते वाटेतला काटा म्हणून. १७६३ मध्ये निजामाने पुणे लुटले, तेव्हा जानोजी भोसले निजामाच्या बाजूला होते. बत्तीस लाखांच्या मुलखाचे वचन मिळाल्यावर ते राक्षसभुवनच्या लढाईआधी फिरले. १७६९ मध्ये माधवरावांनी नागपूरकरांवर मोठी स्वारी केली. नागपूर लुटले गेले. जानोजींनी समोरासमोरची लढाई टाळून पुण्याच्या रोखाने घोडी फेकली. पण अखेर कनकापूरचा तह त्यांना पत्करावा लागला. वर्षाला पाच लाखांची खंडणी द्यावी, पेशव्यांच्या संमतीवाचून फौज वाढवू नये, अशा त्याच्या अटी. कादंबरीच्या वाचकाला वाटते, बरी खोड मोडली! आणि हे वर्ध्यातल्या वाचकालाही वाटते. वऱ्हाडातून नागपुरावर जाणाऱ्या फौजेला वर्धा नदी उतरावी लागते, आणि अशी फौज ज्या गावांवरून जाते तेथे उभे पीक उरत नाही, हे त्याच्या मनातही येत नाही.

हीच गोष्ट नागपुराच्या बाजूने सांगून पाहा. ‘सेनासाहेब सुभा’ हे पद भोसल्यांना मिळाले ते साताऱ्याच्या छत्रपतींकडून. आपण छत्रपतींचे चाकर, पेशव्यांचे नव्हे, ही त्यांची धारणा. पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले, जानोजी आणि मुधोजी या भावांत वाद लागला, तेव्हा त्याचा निवाडा झाला पुण्यात. जानोजींच्या हाती पद आले, पण घरच्या भांडणात पुण्याचा हात शिरला तो शिरलाच. राक्षसभुवनापूर्वी कबूल केलेल्या मुलखापैकी बराच माधवरावांनी १७६६ मध्ये परत घेतला, आणि तोही निजामाला बरोबर घेऊन! निजामाशी संगनमत हे जानोजींचे पाप असेल, तर तीन वर्षांत तेच पाप पुण्यानेही केले. यावरून माधवराव लहान ठरत नाहीत. फक्त जानोजी माणसात येतात.

येथे आपल्या मातीचा अभिमान चढू लागला, तर तोही आवरावा. याच नागपूरच्या फौजा १७४२ पासून दहा वर्षे बंगालवर तुटून पडत होत्या. त्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये दगा होऊन मारला गेला, हे आपण हळहळून सांगतो. पण बंगाली आया लेकरांना झोपवताना आजही ‘बर्गी’ आल्याचे गातात, आणि ते बर्गी म्हणजे आपल्याकडून गेलेले घोडेस्वार. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या काळातच त्या धाडींवर काव्य रचले. त्याचे नाव ‘महाराष्ट्रपुराण’. जो पुण्याच्या कथेत काटा, तो बंगालच्या कथेत राक्षस. नागपूरकरांचे रूप ठरते ते सांगणारा कोठे बसला आहे यावरून.

ऐतिहासिक कादंबरीचे सामर्थ्य हेच, आणि तिचा धोकाही हाच. ती आपल्याला नायकाच्या काळजात नेऊन बसवते. मग त्याचे मित्र ते आपले मित्र, त्याचे वैरी ते आपले वैरी. हे इतक्या गोडीने घडते, की स्वतःच्या आजोळाचा पराभव वाचून आपण टाळी देतो आणि आपल्याला कळतही नाही.

म्हणून कादंबरी टाकावी काय? मुळीच नाही. तिच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवावे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ आहे, यादव माधव काळे यांचा १९३४ चा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आहे. ‘स्वामी’तले माधवराव मनात ताजे असतानाच ही पाने उलटावीत. डोळ्यांतले पाणी आटणार नाही, पण नदीच्या अलीकडची धूळही दिसू लागेल. आणि मग पुढच्या वेळी कोणी विचारले, ‘सध्या काय वाचता?’, तर म्हणावे, ‘माधवराव वाचतो आहे, आणि जोडीला जानोजीही.’