डीनच्या खुर्चीचें पूर्ववृत्त

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंत गेलों असतां आमच्या पुतणीनें एक चमत्कारिक बेत आमच्यापुढें मांडला. ती शिकागोस नोकरीस आहे. पगार उत्तम आहे. ती नोकरी सोडून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वर्गाबाहेरील आयुष्याची काळजी वाहण्याच्या पेशांत शिरावें, असें तिनें मनाशीं घेतलें होतें. त्या देशांत या पेशासाठीं दोन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंनीं, पुण्याहून निक्षून कळविलें होतें, "दादा, वसतिगृहाची रेक्टर व्हायला का पोरीला सातासमुद्रांपलीकडे पाठवली? तुम्हीच तिची समजूत घाला." समजूत घालण्यापूर्वीं तो पेशा आहे तरी काय हें पाहावें, म्हणून तिच्याच मोटारींत बसून तीन विद्यापीठें पाहावयास आम्ही निघालों. तिनें कचेऱ्या पाहाव्या व आम्हीं ग्रंथालयें, अशी वांटणी आपोआपच झाली.

'डीन' म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें आनंदीबाई जोशी यांचें चरित्र उभें राहतें. फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत १८८३ मध्यें त्यांचा प्रवेश झाला व १८८६ मध्यें ज्यानें त्यांस पदवी दिली, त्याच्या डीन रॅचेल बॉडली या होत्या. पंडिता रमाबाईंच्या 'हाय-कास्ट हिंदु वुमन' या १८८७ च्या ग्रंथास प्रस्तावना याच बाईंची आहे. परंतु बॉडलीबाई सबंध विद्यालयाचा कारभार पाहत. केवळ विद्यार्थी हेंच ज्याचें खातें, असा अधिकारी निराळा, आणि तो मागाहून आला.

तो कां आला, याचें उत्तर आम्हां अध्यापकांस फारसें भूषणावह नाहीं. जुन्या अमेरिकन कॉलेजांत अध्यक्ष स्वतः शिकवी, प्रार्थना चालवी आणि शिक्षाही करी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन विद्यापीठांचें वारें तिकडे वाहूं लागलें. अध्यापक संशोधनांत गढले, विद्यार्थ्यांची संख्या फुगली, आणि मुलाची विचारपूस हें कोणाचेंच काम उरलें नाहीं. हार्वर्डमध्यें १८९१ साली लबॅरन ब्रिग्ज हे इंग्रजीचे अध्यापक डीन झाले. आपण टाकलेलें काम उचलावयास आपल्यांतलाच एक मनुष्य नेमावा लागला, असाच त्याचा अर्थ.

शिकागो विद्यापीठ १८९२ मध्यें उघडलें, तेव्हां विद्यार्थिनींचीं वसतिगृहें बांधूनही झालीं नव्हतीं. त्यांस तात्पुरत्या इमारतींत ठेवावें लागलें. त्यांची व्यवस्था ॲलिस फ्रीमन पामर यांच्याकडे होती, परंतु त्या वर्षांतील थोडेच आठवडे तेथें राहत. नित्याचा भार मॅरियन टॅल्बट यांच्यावर पडे, आणि १८९५ पासून पदही त्यांच्याकडे आलें. १९०२ मध्यें पहिल्या दोन वर्षांच्या मुलामुलींचे वर्ग निराळे करण्याची टूम निघाली, तेव्हां टॅल्बटबाईंनीं अध्यक्षांविरुद्ध ठाम भूमिका घेतली. ठराव झाला तो झालाच. पण कांहीं वर्षांत ती व्यवस्था आपोआप विरून गेली. अध्यक्षांच्या विश्वासावर जिची नेमणूक, तिनें विद्यार्थिनींच्या बाजूनें अध्यक्षांशींच भांडावें, हें आम्हांस फार मोठें वाटलें. पुतणीनें तेवढें टिपून घेतलें.

तेथून दक्षिणेस अर्बाना. इलिनॉय विद्यापीठांत टॉमस आर्कल क्लार्क यांस प्रथम १९०१ मध्यें विद्यार्थ्यांकडे पाहण्याचें काम दिलें, आणि १९०९ मध्यें 'पुरुषांचे डीन' ही पदवी मिळाली. १९३१ मध्यें ते निवृत्त झाले. आरंभीं त्यांस नियम नव्हते, पूर्वदाखले नव्हते. विद्यार्थ्यांत व्यक्तिशः लक्ष घालावें, एवढेंच सांगणें होतें. या गृहस्थांविषयीं आमचें मत अजून एक होत नाहीं. आजारी मुलांच्या समाचारास ते दवाखान्यांत जात, असंख्य विद्यार्थ्यांस नांवानें ओळखीत. आणि त्यांचेच खबरे गांवभर असतात, असा लौकिकही होता. त्यांच्या बोलावण्याची चिठ्ठी आली कीं मुलांच्या पोटांत गोळा येई. विद्यार्थ्यांनीं मोटारी बाळगण्यास तर त्यांचा कडवा विरोध! हें आम्ही मोटारींतच सांगितलें, तेव्हां पुतणी म्हणाली, "काका, म्हणजे मायाही तीच आणि पाळतही तीच." याहून नेमकें आम्हांस सांगतां आलें नसतें.

उत्तरेस परतून विस्कॉन्सिनमधील मॅडिसन गांठलें. तेथें १९११ मध्यें लोइस किंबल मॅथ्यूज या स्त्रियांच्या डीन झाल्या. बाई इतिहासकार, डीन ही आधीं विदुषी असावी, अध्यापकवर्गांत तिला बरोबरीचें स्थान असावें, नाहीं तर ती नुसती मुलींची राखणदार होते, हा त्यांचा आग्रह. १९१५ मध्यें त्यांनीं या पदावर ग्रंथच लिहिला. पुरुष डीन मात्र त्याच मॅडिसनमध्यें १९१९ सालीं प्रथम एकत्र जमले, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इतकें असून दुसऱ्या महायुद्धानंतर ठिकठिकाणीं दोन्ही पदें मोडून एकच 'विद्यार्थ्यांचा डीन' करण्यांत आला, तेव्हां ती खुर्ची बहुतेक पुरुषांस मिळाली आणि स्त्रियांच्या डीन त्यांच्या हाताखालीं गेल्या.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. विद्यार्थी म्हणजे केवळ बुद्धि नव्हे, त्याचें शरीर, मन व संसार यांसह तो एक अखंड मनुष्य आहे, असें अमेरिकन शिक्षण परिषदेनें १९३७ मध्यें जाहीर केलें. तरी महाविद्यालय हें पालकाच्या जागीं, हा जुना कायदेशीर समज कायम होता. १९६० मध्यें अलाबामांतील एका सरकारी कॉलेजानें वर्णभेदाविरुद्ध उपाहारगृहांत धरणें धरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस विचारपूस न करतां काढून टाकलें. त्यांचें म्हणणें ऐकल्यावांचून तसें करतां येत नाहीं, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयानें १९६१ मध्यें दिला. बापाला मुलाची चौकशी करावी लागत नाहीं. सरकारी कॉलेजाला यापुढें ती करणें भाग पडलें.

मॅडिसनहून परततांना दोन्ही बाजूंस मक्याचीं शेतें लागलीं. बराच वेळ पुतणी बोलली नाहीं. मग विचारलें, "काका, तुम्ही रेक्टर होतात तेव्हां किती मुलांचीं नांवें तुम्हांला येत होतीं?"

आम्ही तीन वर्षें एका कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर होतों. दुसऱ्या वर्षीं एक खेड्यांतला मुलगा दिवाळीपूर्वींच निघून गेला. खाणावळीचे पैसे थकले होते म्हणून महिनाभर तो रात्रीं जेवत नव्हता, हें त्याच्या खोलींतल्या मुलानें मागाहून सांगितलें. हजेरीपटावर त्याची गैरहजेरी आमच्याच अक्षरांत आहे. त्याचा चेहरा मात्र आम्हांस तेव्हांही आठवला नाहीं.

हें तिला सांगितलें. तिनें मान हलविली व मोटार चालवीत राहिली.

त्या रात्रीं बंधूंस पत्र लिहिलें, "समजूत घातली नाहीं. तिचा अर्ज वाचून पाहिला. दोन ठिकाणीं भाषा सुधारून दिली आहे."