जिवंत हृदयातील व्रण

१९१२ साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी अमेरिकन वैद्यांच्या सभेत एक निबंध वाचला. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत अचानक गुठळी अडकली म्हणजे माणूस तत्क्षणी मरतो, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. हेरिक यांचे म्हणणे असे की, तसे नाही. कित्येक रोगी त्यातून वाचतात. पुष्ट्यर्थ त्यांनी ५५ वर्षांच्या एका गृहस्थाची हकीगत दिली. छातीत कळ आल्यावर तो दोन दिवसांहून अधिक जगला, आणि शवविच्छेदनात धमनीतील गुठळी सापडली. सभेने या निबंधाची फारशी दखल घेतली नाही.

यातला शवविच्छेदन हा शब्द आपण ध्यानात ठेवू. हृदयाचा किती भाग मेला हे डोळ्यांनी पाहावयाचे, तर माणूस आधी मेलेला असावा लागे. पुढे विद्युत्-आलेख आला, रक्ताच्या तपासण्या आल्या. घाव झाला हे त्यांवरून कळू लागले, परंतु तो किती खोल गेला याचे अनुमानच करावे लागे. आणि खोलीलाच तर महत्त्व! १९७७ साली रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिले की, रक्त बंद झाल्यावर स्नायू एकदम मरत नाही. मरण आतल्या थरात सुरू होते आणि लाटेसारखे बाहेरच्या थराकडे सरकते.

त्यातच आणखी एक घोटाळा होता. हृदयाची जी भिंत हालत नाही ती मेली, असे वैद्य धरून चालत. पण धमनीचा अडथळा दूर करून रक्त पोहोचविल्यावर अशा काही भिंती पुन्हा आकुंचन पावू लागल्या. या अवस्थेला ‘शीतनिद्रा’ हे नाव १९८० नंतरच्या दशकात रूढ झाले ते मुख्यतः शहाबुद्दीन रहिमतुला यांच्यामुळे. हे मूळचे मुंबईत जन्मलेले हृदयतज्ज्ञ. आपल्याकडे माघात निष्पर्ण उभे असलेले झाड वठले आहे की जिवंत, हे लांबून सांगता येत नाही; नखाने साल खरवडून पाहावी लागते. पण धडधडत्या हृदयाची साल खरवडावी कशी?

ते साधले चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या एमआरआयने. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-कणांकडून येणाऱ्या संकेतांपासून चित्र बनविण्याची वाट लाउटरबर यांनी १९७३ साली दाखविली, आणि २००३ साली त्यांना मॅन्सफील्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाच्या कामी मात्र गॅडोलिनियम या धातूच्या औषधाची जोड लागली. हे औषध शिरेतून दिले की सर्वत्र पसरते, पण धडधाकट पेशीच्या आत शिरत नाही. मेलेल्या पेशीचे पापुद्रे फाटलेले असतात; पुढे तेथे व्रण धरला म्हणजे पेशींच्या जागी पोकळ्या राहतात. तेथे औषध अडकून राहते. दहा-वीस मिनिटांनी, रोग्याला श्वास रोखावयास सांगून, ठोक्यांच्या तालावर चित्र घेतले की जिवंत स्नायू काळा दिसतो आणि मेलेला पांढराशुभ्र. प्रथम पाहणाऱ्याची समजूत हमखास उलटी होते. आमचीही झाली होती.

हेरिक यांच्याच शिकागोत रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांनी ही पद्धत आधी प्राण्यांवर पडताळली. नंतर त्यांनी शस्त्रक्रियेने किंवा नळी घालून धमनी मोकळी करावयाच्या रोग्यांची चित्रे आधीच घेऊन ठेवली, आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. नीट न हालणाऱ्या ज्या भागांत पांढरेपणा मुळीच नव्हता, अशा ३२९ पैकी २५६ भाग पुढे सुधारले. ज्या भागांत तीन-चतुर्थांशाहून अधिक जाडी पांढरी होती, अशा ५८ पैकी एकच सुधारला. झाड वठले की नाही, हे झाड न तोडता कळले.

येथेच गोष्ट संपती तर बरे होते. जिवंत स्नायू दिसला, तेव्हा धमनी उघडली की रोग्याचे आयुष्य वाढणारच, असे कोणालाही वाटेल. ब्रिटनमध्ये ७०० रोग्यांवर याची परीक्षा झाली. सर्वांची हृदये दुबळी, पण स्नायू बराचसा जिवंत. बऱ्याच जणांची पाहणी याच चुंबकीय चित्राने केलेली. निम्म्यांच्या धमन्या उघडल्या, निम्म्यांना केवळ औषधे दिली. २०२२ साली निकाल लागला. मृत्यू आणि हृदय थकल्यामुळे इस्पितळात दाखल होण्याचे प्रसंग, यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.