मांजरांतील अतिचाटण

मांजर स्वतःचे अंग इतके चाटू लागते की केस तुटून त्वचा उघडी पडते, या अवस्थेला अतिचाटण म्हणतात. अंग चाटणे हा मांजराचा नित्याचाच उद्योग आहे. कॅलिफोर्नियातील एकस्टाइन आणि हार्ट या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार मांजरे सुमारे निम्मा वेळ झोप व विश्रांतीत घालवतात आणि उरलेल्यातला जवळपास ८ टक्के वेळ चाटण्यात जातो. त्यामुळे चाटणे नेमके कधी अति झाले हे घड्याळ लावून ठरवता येत नाही. ते अंगावर दिसते. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि कुशी येथील केस विरळ किंवा खुंटासारखे होतात, बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच, आणि खालची त्वचा पुष्कळदा स्वच्छ, निरोगी दिसते. अनेक मांजरे माणसांसमोर चाटतही नाहीत. म्हणून ‘केस गळतात’ अशी तक्रार घेऊन मालक पशुवैद्याकडे येतो. अशा वेळी चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की उलगडा होतो. आपोआप गळणाऱ्या केसाचे टोक निमुळते असते, चाटून तुटलेल्याचे बोथट व चिरलेले.

खरा वाद यापुढे सुरू होतो. त्वचा निरोगी दिसते, पिसवा सापडत नाहीत, तेव्हा मांजराला ताण आला असावा, असे निदान करण्याची रीत बरीच रुळली आहे. या निदानाला मनोजन्य केशहानी असे भारदस्त नावही आहे. प्रस्तुत नोंदीचे मत असे की हे निदान सर्वांत शेवटी करायचे आहे आणि प्रत्यक्षात ते फार लवकर केले जाते. याला ठोस आधार कॅनडातील वाइसग्लास, लँड्सबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासाचा आहे. मनोजन्य केशहानी असल्याच्या अंदाजाने पुढे पाठवलेली २१ मांजरे त्यांनी पद्धतशीर तपासली. त्यांपैकी १६ मांजरांत खाजेचे शारीरिक कारण सापडले, तिघांत शारीरिक व मानसिक दोन्ही कारणे होती आणि निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत निघाले. १२ मांजरांना तर अन्नच बाधत होते. २१ हा आकडा लहान आहे आणि ही निवडक, गुंतागुंतीची प्रकरणे होती, हा आक्षेप रास्त आहे. सगळ्या मांजरांना हे प्रमाण जसेच्या तसे लावता येणार नाही. पण ज्यांच्यावर मानसिकतेचा शिक्का जवळजवळ बसलाच होता, नेमक्या अशाच मांजरांत तो बहुतेकदा चुकीचा ठरला, ही बाब आकड्याच्या लहानपणाने पुसली जात नाही. ज्या सहा मांजरांच्या त्वचेच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखालीही दोष दिसला नाही, त्यांतल्या चौघांना शारीरिक आजारच होता. स्वच्छ त्वचेवरून मनाचे निदान करता येत नाही, ते यामुळे.

‘आमच्या मांजरावर एकही पिसू नाही’ हा युक्तिवादही तितकाच पोकळ आहे. सारखे चाटणारे मांजर पुरावा स्वतःच गिळून टाकते. वर उल्लेखिलेल्या एकस्टाइन आणि हार्ट यांनीच पिसवांच्या घरातील काही मांजरांच्या गळ्यात चाटता येऊ नये अशी कॉलर घातली, तेव्हा तीन आठवड्यांत त्यांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या सुमारे दुप्पट पिसवा झाल्या. ज्या मांजराला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला मोजके दंशही पुरतात. कोकण-मुंबईसारख्या उष्ण, दमट हवेत पिसवांचा उपद्रव बारमाही असतो आणि घरातच राहणारे मांजरही त्यातून सुटत नाही, कारण शेजारचा कुत्रा किंवा उंबऱ्यापर्यंत येणारे मोकाट मांजर त्या आणून सोडते. शिवाय चाटण्याची जागाही बोलते. फक्त ओटीपोटच उघडे पडले असेल तर मूत्राशयाच्या दुखण्याची आणि एकाच सांध्याभोवतीचे केस गेले असतील तर संधिवाताची शंका आधी घ्यावी.

ताणाचा पक्ष मात्र सरसकट खोडून काढता येत नाही. घर बदलले, नवे मांजर आले, घरात बाळ आले आणि त्यानंतर चाटणे वाढले, असे अनुभव खरे असतात. पेचात सापडलेले मांजर मध्येच अंग चाटू लागते, हेही सर्वज्ञात आहे. परंतु एकामागून दुसरे घडले म्हणजे पहिलेच एकमेव कारण ठरत नाही. ताणाने मुळातली खाज अधिक असह्य होऊ शकते आणि मूत्राशयाचा दाहही बळावतो. मनावरच्या औषधाने बरे वाटले, म्हणजे रोग मनाचा, हा निष्कर्षही घाईचा आहे. या कामी वापरले जाणारे ॲमिट्रिप्टिलीन खाज आणणाऱ्या हिस्टामिनलाही रोखते, म्हणजे मनाखेरीज अन्य वाटेनेही त्याचा गुण येऊ शकतो.

उपचारांचा क्रम यावरूनच ठरतो. प्रथम घरातल्या सर्व प्राण्यांना पशुवैद्याने सुचवलेले पिसूनाशक, निदान तीन महिने, कारण कोषातल्या पिसवा औषधाला दाद न देता मागाहून बाहेर पडतात. सोबत गोचिडीच्या जातीचे बारीक किडे व बुरशी यांची तपासणी. त्यानंतर आहार-चाचणी: पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचा किंवा प्रथिने तोडून बनवलेला आहार आठ आठवडे, आणि त्या काळात दुसरे काहीही नाही. बोंबलाचे डोके नाही, दूध नाही, शेजाऱ्यांकडचे चिकन नाही. मासे, चिकन आणि गोमांस ही मांजरांना बाधणाऱ्या पदार्थांत अग्रभागी असल्याने ‘हे तर ते लहानपणापासून खाते’ हा बचाव टिकत नाही. ॲलर्जी ओळखीच्याच अन्नाची होते. ही चाचणी खर्चिक आणि कंटाळवाणी आहे, हे मान्य. म्हणूनच तुलनेने स्वस्त असलेली पिसवांची पायरी आधी नीट पार पाडावी. स्टेरॉइडने खाज झपाट्याने थांबते, पण दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने वारंवार दिल्यास मधुमेहाचा धोका असतो. एवढे करून काही हाती लागले नाही, तरच फ्लुओक्सेटिनसारख्या मनावरच्या औषधांचा विचार करावा. लपायच्या जागा, उंच बैठका, प्रत्येक मांजराला वेगळे ताट व वेगळा लिटर बॉक्स या सोयी मात्र पहिल्या दिवसापासून कराव्यात. त्यांनी अपाय होत नाही. चाटताना ओरडणे किंवा मारणे निरुपयोगी असून त्याने ताण वाढतो.

मांजराच्या अंगावर लावलेले सर्व काही त्याच्या पोटात जाते. त्यामुळे कापूर, टी-ट्री तेल, फिनेल यांचे घरगुती प्रयोग टाळावेत. कुत्र्यांसाठीच्या काही पिसूनाशकांत परमेथ्रिन असते. मांजराचे यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. असे औषध मांजराला लावल्यास थरथर व झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो.